प्रकल्प नोंदी: पीडीएफ व्ह्यूअर वारंवार बंद पडण्याचा तपास

४ ऑगस्ट

काम आजपासून रीतसर माझ्याकडे आलं. तक्रार जुनीच आहे, पीडीएफ व्ह्यूअर मधेच बंद पडतो. हेल्पडेस्कच्या नोंदी चाळल्या तर जवळपास प्रत्येक तक्रारीखाली एकच शेरा: "अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं, चालू आहे." काही दिवसांनी तेच मशीन, तीच तक्रार, खाली तोच शेरा. ही आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी आहे. शिवाय बहुतेक व्ह्यूअर वापरकर्त्याची सेटिंग्ज त्याच्या प्रोफाइलमध्ये ठेवतात आणि अनइन्स्टॉल करताना ती तशीच राहू देतात. म्हणजे पुन्हा टाकलेला प्रोग्रॅम जुनंच ओझं घेऊन उठतो.

म्हणून पहिला नियम सगळ्यांना कळवला: पुढची सूचना येईपर्यंत कुणीही व्ह्यूअर काढून पुन्हा टाकायचा नाही. बंद पडला की चारच गोष्टी लिहायच्या. वेळ, फाइल, फाइल कुठून उघडली (स्वतःच्या डिस्कवरून की सर्व्हरवरून), आणि त्या क्षणी काय चाललं होतं: उघडणं, स्क्रोल, प्रिंट, सेव्ह की बंद करणं.

लोक "एरर येते" म्हणतात त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, "प्रोग्रॅमने काम करणं थांबवलं आहे" अशी खिडकी. दोन, काहीही न सांगता प्रोग्रॅम गायब. तीन, "फाइल खराब आहे, उघडता येत नाही" असा व्ह्यूअरचा स्वतःचा संदेश. तिसरी क्रॅश (प्रोग्रॅम अचानक कोसळणं) नाहीच. तिथे प्रोग्रॅमने फाइल तपासून सभ्यपणे नकार दिलेला असतो. त्या तक्रारी वेगळ्या काढल्या.

५ ऑगस्ट

आज इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी दाखवणारं साधन. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये इव्हेंट १००० (प्रोग्रॅम पडल्याची नोंद) गाळून घेतले. पडद्यावरच्या संदेशात काही नसतं, जे असतं ते इथे: पडलेल्या प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती, ज्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रॅममध्ये लोड होणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये) पडला त्याचं नाव आणि आवृत्ती, एक्सेप्शन कोड (कसल्या चुकीने पडला त्याचा क्रमांक) आणि फॉल्ट ऑफसेट (मॉड्यूलमध्ये नेमका कुठे पडला ती जागा). यातला ऑफसेट फार कामाचा. मेमरीतला पूर्ण पत्ता बदलत राहतो, कारण विंडोज सुरक्षेसाठी मॉड्यूल मुद्दाम वेगवेगळ्या जागी लोड करतं. ऑफसेट मात्र मॉड्यूलच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो. मॉड्यूल तेच, आवृत्ती तीच आणि ऑफसेट तोच असेल, तर क्रॅश बहुधा तोच.

सगळ्या मशीनच्या नोंदी एका शीटमध्ये ओतून मॉड्यूल, कोड आणि ऑफसेट या क्रमाने लावल्या. जे एक दुखणं वाटत होतं त्याचे सरळ गट पडले. (कोडच्या आधीचं झिरो-एक्स, म्हणजे हेक्साडेसिमल आकड्याची खूण, इथे गाळतोय.)

गट अ: कोड सी००००००५, म्हणजे अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. म्हणजेच मेमरीत परवानगी नसलेल्या जागी हात घालणं. मॉड्यूल व्ह्यूअरचं नाही, एका प्रिंटर ड्रायव्हरचं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं). ऑफसेट सगळीकडे एकच.

गट ब: कोड सी००००३७४, हीप करप्शन (मेमरीच्या वाटपाचा हिशोब बिघडणं). मॉड्यूल एनटीडीएलएल, म्हणजे विंडोजची स्वतःची मूळ लायब्ररी. व्ह्यूअर तोच, पण फायली निरनिराळ्या.

गट क: कोड सी०००००एफडी, स्टॅक ओव्हरफ्लो (चालू कामाच्या नोंदींसाठी प्रोग्रॅमला मिळालेली जागा, म्हणजे स्टॅक, संपणं). व्ह्यूअरचंच मॉड्यूल. जेमतेम काही फायली, आणि त्या उघडल्या की हमखास.

गट ड: कोड सी००००००६. फक्त लॅपटॉपवर.

आणि उरलेले किरकोळ, त्यात नकाशे उघडणाऱ्या मशीनवर "मेमरी अपुरी" असं सांगून पडणारे काही.

संदेश सगळ्यांना एकच दिसत होता म्हणून सगळ्यांवर एकच औषध चाललं होतं. यापुढे "व्ह्यूअर क्रॅश" असा शब्द नोंदीत वापरायचा नाही, गटाचं अक्षर लिहायचं.

६ ऑगस्ट

डम्प, म्हणजे प्रोग्रॅम पडताना त्याच्या मेमरीची घेतलेली प्रत, गोळा करायची सोय केली. विंडोज एरर रिपोर्टिंगच्या रजिस्ट्री-कीखाली (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) लोकलडम्प्स, त्याखाली व्ह्यूअरच्या ईएक्सईच्या नावाची की, त्यात डम्पटाइप २ म्हणजे पूर्ण डम्प. डम्पकाउंट मुळात १० असतो, त्यापुढे जुना पुसून नवा लिहिला जातो. तो कमी ठेवला, कारण एकेक डम्प शेकडो एमबीचा होतो.

एक बाब लेखी कळवून ठेवली: पूर्ण डम्पमध्ये त्या वेळी उघडलेल्या कागदपत्राचा मजकूर जसाच्या तसा असू शकतो. डम्पच्या फोल्डरचे हक्क म्हणून फक्त दोघांना. डम्प ईमेलने पाठवायचे नाहीत, अगदी व्ह्यूअर बनवणाऱ्यांनी मागितले तरी आधी विचारायचं.

दुपारी कुणीतरी सुचवलं की व्ह्यूअरचा सँडबॉक्स (उघडलेल्या फाइलला बाकी मशीनपासून अलग ठेवणारं कुंपण) बंद करून बघा, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. नाही. बिघडलेली फाइल बघून प्रोग्रॅम पडतो म्हणजे त्या फाइलने प्रोग्रॅमला मेमरीत नको तिथे पाय ठेवायला लावलेला असू शकतो. मुद्दाम तसं करणाऱ्या फायलींपासून वाचवण्यासाठीच सँडबॉक्स असतो. नेमक्या अशाच वेळी तो काढणं म्हणजे निदानासाठी घराचं दार उघडं टाकणं. उलट क्रॅश करणारी प्रत्येक फाइल कारण कळेपर्यंत संशयित समजायची आणि नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवरच उघडायची.

हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देणं) बंद करण्याचाही सल्ला आला. नोंदींमध्ये डिस्प्ले ड्रायव्हरचं मॉड्यूल एकदाही दिसत नाही. तूर्त हात लावत नाही.

७ ऑगस्ट

गट अ. लेखा विभागात जाऊन मॅडमच्या शेजारी बसलो. "मी काहीच करत नाही हो, नुसतं उघडलं की जातं," त्या म्हणाल्या आणि करून दाखवलं. फाइल उघडली, पहिलं पान अर्धवट रंगलं, खिडकी पांढरी पडली, गायब. प्रिंटचं बटण दाबलंच नव्हतं. पण इव्हेंटमध्ये मॉड्यूल प्रिंटर ड्रायव्हरचं.

यात गूढ काही नाही. कागदाचा आकार, समास, रंगीत की काळं-पांढरं हे जाणून घ्यायला व्ह्यूअर सुरुवातीलाच डिफॉल्ट प्रिंटरची चौकशी करतो. ती चौकशी विंडोजच्या स्पूलर (छपाई सांभाळणाऱ्या) लायब्ररीमार्फत जाते, आणि ती लायब्ररी ड्रायव्हरची सेटिंग्जवाली डीएलएल (कोडची फाइल) थेट व्ह्यूअरच्याच प्रोसेसमध्ये लोड करते. तिथे ड्रायव्हर पडला की व्ह्यूअर पडतो, आणि शिव्या व्ह्यूअरला.

डिफॉल्ट प्रिंटर बदलून मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ केला. तीच फाइल उघडली आणि शांतपणे उघडी राहिली. परत जुना प्रिंटर, परत गायब. दोन्हीकडून खात्री झाली.

आता मधल्या काळात आपोआप बरं का वाटायचं? त्या मशीनवर "माझा डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला सांभाळू द्या" हे सेटिंग चालू आहे. ते चालू असलं की शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तो डिफॉल्ट होतो. मॅडम कोपऱ्यातल्या छोट्या प्रिंटरवर छापतात तेव्हा सगळं ठीक. मोठ्या प्रिंटरवर एकदा काही काढलं की पुढची पीडीएफ उघडताच घोळ. त्याच सुमारास कुणी व्ह्यूअर पुन्हा टाकला असेल आणि नंतर छोटा प्रिंटर वापरला गेला असेल, तर श्रेय अनइन्स्टॉलला.

८ ऑगस्ट

गट अ पुढे. डम्प विनडीबीजीत (मायक्रोसॉफ्टचं डम्प वाचायचं साधन) उघडला. व्ह्यूअरचे सिम्बॉल्स (फंक्शनांची नावं सांगणाऱ्या फायली) आपल्याकडे नसल्याने त्याच्या फ्रेम (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या पायऱ्या) नुसत्या ऑफसेटच्या रूपात दिसतात, पण विंडोजचे सिम्बॉल्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून मिळतात आणि तेवढे पुरले. खाली व्ह्यूअर, मध्ये विनस्पूलचं (त्या स्पूलर लायब्ररीचं) डॉक्युमेंट प्रॉपर्टीज फंक्शन, वर ड्रायव्हर.

संशय डेव्हमोडवर. प्रिंटरची सेटिंग्ज ज्या रचनेत साठवलेली असतात तिचे दोन भाग असतात. एक सगळ्यांना ठाऊक असलेला, दुसरा ड्रायव्हरचा खासगी, आणि त्या खासगी भागाची लांबी वेगळी लिहिलेली असते. वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत जुन्या ड्रायव्हरने लिहिलेला डेव्हमोड पडून आहे. बिघाडांचा आलेख दाखवणाऱ्या विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरच्या पट्टीवर दिसतंय की ड्रायव्हर बदलला त्याच आठवड्यापासून लाल फुल्या सुरू झाल्या. नवा ड्रायव्हर जुना खासगी भाग आपल्या मापाचा समजून वाचत असणार.

एका मशीनवर त्या प्रिंटरपुरती साठवलेली नोंद निर्यात करून ठेवली आणि मग काढली. क्रॅश थांबला. निर्यात केलेली नोंद परत घातली, क्रॅश परत आला. एवढं स्पष्ट उत्तर या कामात क्वचित मिळतं.

उपाय: त्या प्रिंटरची रांग (क्यू) काढायची, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधून ड्रायव्हर त्याच्या पॅकेजसकट काढायचा, नोंद साफ करायची, मग नवा ड्रायव्हर. नुसता प्रिंटर "रिमूव्ह" केला तर ड्रायव्हर मशीनवर तसाच राहतो, हे सूचनेत ठळक लिहिलं.

११ ऑगस्ट

गट ब, आणि हा खरा त्रासदायक. मॉड्यूल म्हणून एनटीडीएलएल दिसतं आणि लोक लगेच विंडोज बिघडलं म्हणून एसएफसी आणि डीआयएसएम (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी साधनं) चालवत बसतात. इथेही चालवून झालंय, काही सापडलं नाही. सापडणारही नव्हतं. हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे.

हीप म्हणजे प्रोग्रॅमला लागेल तशी मेमरी तुकड्यातुकड्यांनी देणारी व्यवस्था, आणि विंडोजमध्ये तिचा हिशोब एनटीडीएलएल ठेवतं. कुणी आपल्या तुकड्याच्या बाहेर लिहिलं की शेजारच्या तुकड्याची नोंद खराब होते, पण त्या क्षणी काहीच घडत नाही. पुढे कधीतरी तो शेजारचा तुकडा परत करताना एनटीडीएलएलच्या लक्षात येतं की हिशोब जुळत नाही, आणि ते प्रोसेस तिथल्या तिथे संपवतं. म्हणजे नोंदीत नाव येतं ते चोरी पकडणाऱ्याचं. दरम्यान वापरकर्ता तिसऱ्याच फाइलवर गेलेला असतो, म्हणून "फायली निरनिराळ्या".

जीफ्लॅग्ज हे मायक्रोसॉफ्टचं साधन वापरून व्ह्यूअरपुरता फुल पेज हीप चालू केला, एकाच मशीनवर. यात प्रत्येक तुकडा मेमरीच्या पानाच्या शेवटाला टेकवून दिला जातो आणि त्यापुढचं पान कुलूपबंद असतं. बाहेर पाऊल पडलं की त्याच क्षणी अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. किंमतही तशीच मोजावी लागते: पान ४ केबीचं, म्हणजे १६ बाइट मागितले तरी किमान ८ केबी पत्ता खर्च. व्ह्यूअर इतका मंदावला की ज्यांच्या मशीनवर लावलं त्यांची आधीच माफी मागून ठेवली.

१२ ऑगस्ट

पकडला. आज पेज हीपवाल्या मशीनवर क्रॅश झाला तो सी००००००५ या कोडने, आणि मॉड्यूल एनटीडीएलएल नाही, व्ह्यूअरही नाही. कागदपत्रं थेट सर्व्हरच्या संग्रहात जमा करण्यासाठी कधीकाळी टाकलेलं एक प्लग-इन (व्ह्यूअरला जोडलेला पूरक प्रोग्रॅम). लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत त्याची तारीख बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

पडला त्या क्षणी ते बाइटची नक्कल करत होतं; ती कुठून कुठे चालली होती ते बघितलं. ज्या पत्त्यावरून बाइट उचलले जात होते तिथली मेमरी उघडली तर ओळीने असं: ई० ए४ एए, ई० ए४ ए४, ई० ए५ ८डी, ई० ए४ बी०... यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) मधली देवनागरी दुरूनच ओळखू येते. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ ने. हे "पत्र" आहे. फाइलचं नाव "पत्रव्यवहार" असं सुरू होत होतं.

मग तक्रारींची यादी पुन्हा उघडली आणि गट ब च्या फायलींची नावं वाचली. क्रॅशच्या आधीच्या काही मिनिटांत उघडलेल्या फायलींत प्रत्येक वेळी निदान एक मराठी नावाची. इंग्रजी नावं वापरणाऱ्या विभागात गट ब जवळजवळ नाहीच.

हिशोब असा. "पत्रव्यवहार" हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये जोडाक्षरांतले हलन्त आणि काना धरून ती ११ चिन्हं होतात. विंडोज आतून यूटीएफ-१६ वापरतं, त्यात २२ बाइट. तेच यूटीएफ-८ मध्ये ३३. प्लग-इन लिहिणाऱ्याने चिन्हांच्या संख्येची दुप्पट जागा घेतली की पुरेल असं धरलेलं दिसतं. इंग्रजीला एका चिन्हाला एकच बाइट लागतो, म्हणून तिथे जागा उरते. युरोपातल्या बहुतेक भाषांनाही दोन पुरतात. देवनागरीला तीन लागतात आणि ११ बाइट कुंपणाबाहेर.

दर वेळी का पडत नाही तेही यातच आलं. हीप तुकडे ८ किंवा १६ बाइटच्या पटीत देतो, त्यामुळे नाव छोटं असलं तर जास्तीचे बाइट कधी कधी शिलकीच्या जागेत पडून निभावतं. नाव लांब असलं की शेजारी घुसतातच.

ताडून पाहिलं. एकच फाइल घेतली, मजकूर तोच. नाव "अ": काही नाही. लांबलचक मराठी नाव: पेज हीपखाली तत्काळ क्रॅश. तेवढ्याच चिन्हांचं इंग्रजी नाव: काही नाही. प्लग-इनचं फोल्डर हलवलं, लांब मराठी नाव: काही नाही.

१३ ऑगस्ट

प्लग-इन बनवणाऱ्यांना अहवाल पाठवला. डम्प नाही, फक्त स्टॅक (फंक्शनांच्या पायऱ्यांची यादी), बाइटची ती ओळ आणि पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या. तोवर काय करायचं यावर बैठकीत दोन मतं. एक मत असं की सगळ्यांनी फायलींना इंग्रजी नावं द्यावीत. माझा साफ विरोध. अभिलेख कक्षातल्या हजारो फायली नावावरूनच शोधल्या जातात, आणि एका प्लग-इनच्या कुंपणासाठी माणसांनी "पत्रव्यवहार" रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहायला लागावं हा उलटा न्याय झाला. प्लग-इन काढलं. जमा करण्याचं काम सध्या ब्राउझरमधून. एक क्लिक जास्त लागतं, कुरकुर आहे.

पेज हीप बंद केला. हे विसरलं तर ते मशीन कायमचं मंद राहतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

१४ ऑगस्ट

गट ड पटकन उरकला. सी००००००६ म्हणजे इन-पेज एरर. व्ह्यूअर फाइल पूर्ण वाचून घेत नाही, मेमरीला जोडून ठेवतो आणि पान लागेल तसं डिस्कवरून आणतो. फाइल सर्व्हरच्या शेअरवर आणि लॅपटॉप वायफायवर असेल, झाकण मिटून उघडलं की जोडणी तुटलेली असते. व्ह्यूअर पुढचं पान मागतो, ते येत नाही, प्रोग्रॅम पडतो. फाइल चांगली, व्ह्यूअर चांगला, प्रिंटरही चांगला. लॅपटॉपवाल्यांसाठी शेअरची ऑफलाइन प्रत चालू केली.

१८ ऑगस्ट

गट क. फायली थोड्या पण हमखास पडणाऱ्या, म्हणजे तपासणाऱ्याची चैन. नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर घेतल्या.

आधी "दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये तर उघडते" या युक्तिवादाबद्दल, कारण तो रोज ऐकतोय. पीडीएफ वाचायला सुरुवात शेवटाकडून होते. अगदी शेवटी ईओएफची (फाइल संपल्याची) खूण, तिच्या वर एक आकडा, तो सांगतो की क्रॉस-रेफरन्स तक्ता कितव्या बाइटवर आहे. तक्त्यात प्रत्येक ऑब्जेक्टची (फाइलमधल्या क्रमांक दिलेल्या घटकाची) जागा असते, जुन्या पद्धतीच्या तक्त्यात नेमक्या २० बाइटची एकेक ओळ. तक्ता चुकलेला असला तर बरेचसे व्ह्यूअर गाजावाजा न करता सगळी फाइल चाळून स्वतःच तो नव्याने बनवतात. न बदललेली फाइल बंद करताना "बदल सेव्ह करायचे का" असं विचारलं जातं, त्यामागे कधी कधी हीच मुकाट दुरुस्ती असते. त्यामुळे दुसरीकडे उघडते याचा अर्थ फाइल धडधाकट आहे असा होत नाही. एवढंच की तिथला प्रोग्रॅम जास्त सोशिक आहे.

क्यूपीडीएफ या साधनाने तपासणी केली: तक्ता ठीक, पानांचा वृक्ष ठीक. मग निम्मी-निम्मी पानं वेगळी काढून बघितली. रिकाम्या दस्तऐवजात पहिली निम्मी ओतली, उघडली. दुसरी निम्मी, उघडली. सगळी पानं ओतली, तरीही उघडली. म्हणजे दोष कुठल्याच पानात नाही. रिकाम्या दस्तऐवजात पानं ओतताना जे मागे राहतं त्यात आहे: बुकमार्क, दस्तऐवज-पातळीवरची सेटिंग्ज वगैरे.

फाइल क्यूपीडीएफच्या वाचनीय रूपात उलगडली आणि टेक्स्ट एडिटरमध्ये बुकमार्कचा माग काढला. ऑब्जेक्ट ३८ म्हणतो माझं पहिलं अपत्य ४१. ऑब्जेक्ट ४१ म्हणतो माझं पहिलं अपत्य ३८. झालं. व्ह्यूअर बुकमार्कचा वृक्ष उतरत जातो, ३८, ४१, ३८, ४१, आणि प्रत्येक पायरीला स्टॅकवर थोडी जागा खातो. विंडोजमध्ये स्टॅक सहसा १ एमबीचा. तो संपला की सी०००००एफडी.

आणि उघडताक्षणी का? कारण फाइलच्या मुळाशी "उघडताना बुकमार्कची पट्टी दाखव" असं लिहिलेलं आहे. ती एक ओळ बदलून बघितली तर फाइल उघडते, आणि पट्टीवर क्लिक केलं की मग पडते.

याच फायलींमुळे दुसरीही एक जुनी तक्रार सुटली. एक्सप्लोररमध्ये फाइल नुसती निवडली तरी काहीतरी बंद पडतं, अशी. प्रिव्ह्यू पेन चालू असला की झलक दाखवायचं काम प्रिव्हहोस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, म्हणून नोंदीत व्ह्यूअरचं नाव येतच नाही. ऑफसेट आणि मॉड्यूल तेच. माझ्या गाळणीतून या नोंदी निसटत होत्या, कारण गाळणी प्रोग्रॅमच्या नावावर होती. आता मॉड्यूलवर केली.

१९ ऑगस्ट

या फायली आल्या कुठून? प्रत्येकीच्या माहितीत निर्माता म्हणून तेच एक फाइल-जोडणारं साधन. दोन पीडीएफ जोडताना दोन्हींतले ऑब्जेक्ट नव्याने क्रमांक देऊन घ्यावे लागतात, नाहीतर एकाचा ३८ दुसऱ्याच्या ३८ ला जाऊन भिडतो. पानांचे क्रमांक त्याने नीट बदललेत, बुकमार्कचे बदललेले दिसत नाहीत. पानं बरोबर दिसतात म्हणून जोडणाऱ्याला शंका येत नाही.

त्या साधनात "बुकमार्क जोडा" हा पर्याय बंद केला. आधीच्या बिघडलेल्या फायली ओळखायला छोटी स्क्रिप्ट लिहिली. बुकमार्कचा वृक्ष उतरताना आधी भेटलेला क्रमांक पुन्हा भेटला तर फाइलचं नाव छापते. हेच व्ह्यूअरने करायला हवं होतं. पीडीएफ १९९३ पासून आहे, २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० म्हणून मानक झालं, आणि एवढ्या काळात वाकड्या फायलींचा प्रत्येक नमुना जगाने बघून झालाय. वर्तुळ ओळखणं ही काही नवी विद्या नाही. व्ह्यूअरवाल्यांना सर्वांत लहान नमुना बनवून पाठवला: एक कोरं पान, दोन बुकमार्क, एकमेकांकडे बोट दाखवणारे. त्यात कुणाचाही मजकूर नाही, म्हणून पाठवायला हरकतही नाही.

२१ ऑगस्ट

नकाशे विभाग, "मेमरी अपुरी". गणित करून दाखवलं तेव्हा पटलं. एशून्य (ए०) मापाचा कागद ८४१ × ११८९ मिलिमीटर. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो अंदाजे ९९३३ × १४०४३ पिक्सेल, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे साधारण ५५८ एमबी. ६०० डीपीआयला याच्या चौपट, २ जीबीच्या वर. तिथला व्ह्यूअर ३२-बिटचा आहे, आणि अशा प्रोसेसला सहसा एकूण २ जीबीच मेमरीचे पत्ते मिळतात. मशीनमध्ये कितीही रॅम घाला, हे छत हलत नाही. फाइल मात्र दाबून ठेवलेली, डिस्कवर काही एमबी, म्हणून "एवढीशी तर फाइल आहे" हा प्रश्न.

६४-बिटची आवृत्ती टाकली. काम झालं.

हे सगळीकडेच का टाकत नाही, असं लगेच विचारलं गेलं. टाकायचंच आहे. पण गट ब चालू असताना टाकलं असतं तर ३२-बिटचं प्लग-इन ६४-बिटच्या प्रोसेसमध्ये लोडच झालं नसतं, क्रॅश आपोआप थांबले असते आणि कारण कधीच कळलं नसतं. पुढे कुणीतरी त्याच प्लग-इनची ६४-बिट आवृत्ती आणली असती आणि सगळं पहिल्यापासून.

२६ ऑगस्ट

सगळ्या मशीनवरच्या नोंदी पुन्हा ओढल्या. अ: ड्रायव्हर बदललेल्या मशीनवर शून्य. दोन मशीन बाकी आहेत, तिथे अजून पडतोय, अपेक्षितच. ब: शून्य. क: एक. कुणीतरी जुन्या ईमेलमधली फाइल उघडली, जी स्क्रिप्टच्या आवाक्यात नव्हती. ड: तुरळक, शेअरची ऑफलाइन प्रत न घेतलेल्या लॅपटॉपवर.

आणि एक नवा, सी००००४०९, कुठल्याच गटात न बसणारा. एकदाच, एकाच मशीनवर. या कोडला जुन्या नावाने स्टॅक बफर ओव्हररन म्हणतात, पण आता प्रोग्रॅम स्वतःहून "पुढे चालणं धोक्याचं" म्हणून थांबतो तेव्हाही हाच येतो. डम्प ठेवलाय. दुसरा येईपर्यंत त्यावर वेळ घालवत नाही.

२८ ऑगस्ट

आवराआवर. लोकलडम्प्सची की सगळीकडून काढली, फक्त सी००००४०९ वाल्या मशीनवर ठेवली. बाकीचे डम्प पुसले आणि रिसायकल बिनही रिकामा केला.

हेल्पडेस्कच्या फॉर्ममध्ये "एरर मेसेज काय आला" हा रकाना होता, तो काढून त्या जागी इव्हेंट १००० चे तीन रकाने घातले: मॉड्यूल, कोड, ऑफसेट. ते आपोआप भरणारी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट शेअरवर ठेवलीय. लेखा विभागातल्या मॅडमच्या मशीनवर करून बघितली, चालली.

प्रलंबित: प्लग-इनवाल्यांकडून पोच आली, दुरुस्तीची तारीख नाही. व्ह्यूअरवाल्यांनी कोऱ्या पानाचा नमुना त्यांच्याकडेही पडतो असं मान्य केलं. दोन मशीनचे प्रिंटर ड्रायव्हर सोमवारी.